उतारशाळेच्या राखणदाराकडे काय ठेवून आलात?

वाचकांचे प्रश्न, सिस्टरची उत्तरं

ख्रिस्ती वैद्यकीय मिशनच्या टीमबरोबर आठ-पंधरा दिवस परदेशी सेवेला जाण्याबद्दल इतकी पत्रं आली, की या वेळची सगळी पानं त्यालाच दिली आहेत. मी बत्तीस वर्षं नर्स होते, त्यातली बरीचशी ऑपरेशन थिएटरमध्ये गेली. अशा टीमबरोबर नऊ वेळा गेले, त्यातल्या पाच वेळा आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या एकाच आरोग्य केंद्रात. खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं तिथे चुकून शिकलेलं आहे.

प्रश्न : आदरणीय सिस्टर, मी वैद्यकीयच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, टीम दोन आठवड्यांसाठी आफ्रिकेत जाणार आहे. टीमचे प्रमुख म्हणाले, "तिथे तुला टाके घालायला मिळतील, दात काढायला मिळतील. इथे पाच वर्षांत बसणार नाही असा हात बसेल." मला जायचंय, मनापासून जायचंय. पण हे ऐकल्यापासून पोटात कसंतरी होतंय. माझं काही चुकतंय का?

उत्तर : नाही गं, काही चुकत नाही. तुला जे जाणवलं ते तुमच्या प्रमुखांना आधी जाणवायला हवं होतं. हात प्रत्येकालाच बसवावा लागतो. पण तो शिकवणाऱ्याच्या नजरेखाली बसवायचा, चुकलं तर सावरून घेणारं कुणी शेजारी असताना. गरिबाचा जबडा ही सरावाची वही नव्हे.

माझ्या तिसऱ्या खेपेला शेजारच्या टेबलावर दुसऱ्या एका टीमचा विद्यार्थी दात काढत होता. मनाने फार चांगला मुलगा, सकाळच्या प्रार्थनेला सगळ्यांच्या आधी हजर. समोर बाकावर बारा-तेरा वर्षांचा पोरगा बसला होता. दाढ हलेचना. मग कट्‌ असा आवाज झाला आणि चिमट्यात अर्धीच दाढ आली, मूळ आतच राहिलं. पोरगा रडला नाही. त्याने बाकाची कड इतकी घट्ट धरली होती की नखं पांढरी पडली होती. मी गालाला गॉज लावून त्याच्याजवळ बसले, तर तो माझ्याकडेच बघत राहिला, मी त्यातली जाणकार असल्यासारखा. दुसऱ्या दिवशी दोन्ही टीम निघून गेल्या. ते मूळ कुणी काढलं, त्यासाठी त्याला किती लांब जावं लागलं, की तो गेलाच नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. त्या विद्यार्थ्यापेक्षा मी स्वतःला जास्त दोष देते. मला बोलायला हवं होतं आणि मी गप्प बसले.

अल्बर्ट श्वाइट्झर हे नाव तू ऐकलं असशील. धर्मशास्त्राचे पंडित आणि नावाजलेले ऑर्गनवादक. आफ्रिकेत सेवेला जायचं ठरलं तेव्हा त्यांनी तिशी गाठलेली होती. ओढ काही कमी नव्हती, तरी ते लगेच बोटीत बसले नाहीत. १९०५ साली ते वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला जाऊन बसले. पदवी घेतली, उष्ण प्रदेशातल्या रोगांचा वेगळा अभ्यास केला आणि १९१३ मध्ये गॅबॉनमधल्या लाम्बारेनेला पोचले. तिथे सुरुवातीचे रोगी त्यांनी कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यात तपासले. जागा खुराड्याची होती, पण तपासणारा शिकलेला डॉक्टर होता.

म्हणून तू जा, पण मापात राहून जा. रोग्यांची नोंदणी कर. ताप, नाडी, रक्तदाब, वजन घे आणि ते नीट लिही. रांगेत झोपलेलं, धापा टाकणारं, हाक मारली तर डोळे न उघडणारं मूल दिसलं तर धावत जाऊन डॉक्टरला आण. चाळीस-पन्नास माणसांच्या रांगेतून ते एक मूल हेरणं हे मोठं काम आहे, आणि ते दुसऱ्या वर्षाच्या मुलीला जमतं. आईला जलसंजीवनी करायला शिकव : एक लिटर स्वच्छ पाणी, चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. आईच्या हातून करून घे, तू करून दाखवून थांबू नकोस.

प्रमुखांना एवढंच सांग, "मला जे इथे करायची परवानगी नाही ते मी तिथेही करणार नाही." आणि त्यांना विचार, की आपल्या डॉक्टर-नर्सची त्या देशाच्या वैद्यकीय परिषदेकडे तात्पुरती नोंदणी झाली आहे का, आणि पर्यटक व्हिसावर हे काम करता येतं का. उत्तर टाळलं गेलं तर या टीमबरोबर जाऊ नकोस. दुसरी टीम शोध, किंवा तीन वर्षं थांब.

प्रश्न : सिस्टर, आम्ही पती-पत्नी दोघंही औषधविक्रेते आहोत. पुढच्या महिन्यात मिशनच्या टीमबरोबर जातोय. ओळखीच्या डॉक्टरांकडून नमुन्याची औषधं, लोकांच्या घरी उरलेल्या स्ट्रिप्स असं मिळून चार बॅगा भरतील एवढं जमलंय. काहींची मुदत तीन-चार महिन्यांत संपतेय, पण तोवर वापरली जातील. हे न्यायला हरकत नाही ना?

उत्तर : हरकत आहे, दादा. तुम्ही दोघं औषधातले जाणकार, तेव्हा स्पष्टच लिहिते.

बोस्नियातल्या युद्धाच्या काळात, १९९२ ते १९९६ मध्ये, जगभरातून आलेल्या औषधांपैकी सुमारे १७,००० टन औषधं बिनकामाची निघाली. मुदत संपलेली, अर्धवट उरलेली, कुणाला न वाचता येणाऱ्या भाषेतली. ती नष्ट करायचा बोजा त्या लोकांवरच पडला. १९९६ साली जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानाचे नियम काढले. त्यांतले मुख्य साधे आहेत. घेणाऱ्याने मागितलेलं द्या. त्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतलं द्या. पोचल्यावर निदान वर्षभराची मुदत शिल्लक हवी. लेबल तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना वाचता यायला हवं. आणि रोग्यांनी परत केलेली किंवा फुकट नमुन्याची औषधं देऊ नका. या कसोटीवर तुमच्या चार बॅगांतलं किती उरतं, ते तुम्ही माझ्याआधी सांगाल.

आता माझी चूक सांगते. पहिल्या खेपेला एक बाई आली, पंचावन्नच्या आसपासची. रक्तदाब १९० वर ११०. माझ्याजवळ बॅगेतून आणलेलं अ‍ॅम्लोडिपिन होतं. डॉक्टरांनी लिहून दिलं, मी तिच्या हातात ३० गोळ्या ठेवल्या आणि रोज एक घ्यायला सांगितलं. तिने दोन्ही हातांनी त्या घेतल्या, "झिकोमो" म्हणाली. मलावीतल्या चिचेवा भाषेत धन्यवाद. त्या रात्री मी डायरीत तिच्याबद्दल लिहिलं होतं, समाधानाने.

पुढच्या वर्षी ती त्याच रांगेत उभी. मला ओळखून हसली. कमरेला गुंडाळलेल्या कापडाला टोकाशी गाठ होती, ती तिने सावकाश सोडली. आत गोळ्यांची पट्टी होती. कडा झिजलेल्या, फॉइल मऊ पडलेलं. अकरा गोळ्या शिल्लक. तिथल्या नर्सने मला तिचं म्हणणं सांगितलं : डोकं फार ठणकलं की ही एक घेते, जपून वापरते, कारण या संपल्या की इथे मिळणार नाहीत. रक्तदाब होता तसाच. आणि त्या केंद्राच्या कपाटात सबंध वर्षभर रक्तदाबाची दुसरी साधी गोळी होती, हायड्रोक्लोरोथायझाइड. ती दिली असती तर दर महिन्याला येऊन तिला घेता आली असती. मी ते कपाट उघडून बघितलंच नव्हतं. माझ्या परदेशी गोळीमुळे तिला वाटलं, की खरं औषध तेच, इथलं ते कमी प्रतीचं.

लूकच्या शुभवर्तमानातला चांगला शोमरोनी आपण लहानपणापासून ऐकतो. वाटेत लुटलेल्या माणसाच्या जखमांवर त्याने तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत, म्हणजे प्रवाशांच्या मुक्कामाच्या जागी, नेलं. तिथवर सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या पुढच्या ओळीकडे माझं लक्ष त्या अकरा गोळ्या पाहिल्यावर गेलं. शोमरोनी दुसऱ्या दिवशी निघून गेला. त्याला जायचंच होतं, तो प्रवासी होता. पण जाण्याआधी त्याने उतारशाळेच्या राखणदाराला दोन दीनार दिले. त्या काळी एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. आणि सांगितलं, याची काळजी घे, जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन. आपण दहा दिवसांचे प्रवासी. रोग्याला सांभाळणारा राखणदार तिथलाच असतो : आरोग्य केंद्रातला क्लिनिकल ऑफिसर (डॉक्टर नसला तरी रोगी तपासून औषध देणारा शिकलेला कर्मचारी), नर्स, सुईण. औषध त्यांच्या कपाटाला जुळणारं हवं. तेव्हा बॅगा रिकाम्या करा, त्या केंद्राला विचारून यादी मागवा, आणि शक्य तेवढी औषधं त्याच देशात विकत घेऊन त्यांच्याच कपाटात ठेवा. तुम्हा दोघांचं खरं कसब त्यांचा साठा लावून देण्यात आहे. मुदतीप्रमाणे मांडणी, नोंदवही, कोणतं औषध किती उरलं की मागणी करायची. हे तुम्ही परतल्यावरही चालू राहील.

प्रश्न : मी ६१ वर्षांचा, बँकेतून निवृत्त. वैद्यकातलं काही कळत नाही. मंडळीतले म्हणतात चला, पण मी तिथे अडगळच होईन असं वाटतं. माझा काही उपयोग आहे का?

उत्तर : आहे, भाऊ, आणि तो मी डोळ्यांनी पाहिलेला आहे.

चाळिशीनंतर जवळचं अंधुक दिसायला लागतं, तुम्हीही चष्मा लावत असाल. त्यासाठी तयार चष्मे मिळतात, अधिक एक ते अधिक तीन नंबरचे. जवळचं वाचायचा तक्ता धरून योग्य नंबर लावून देणं हे काम, डोळ्यांच्या माणसाने अर्धा दिवस शिकवलं, की तुमच्यासारख्या नेटक्या माणसाला येतं. ज्याला लांबचंही दिसत नाही, डोळा लाल आहे, बुबुळावर पांढरं आहे, त्याला मात्र चष्मा न देता डॉक्टरकडे पाठवायचं.

आमच्या टीममध्ये असेच एक निवृत्त गृहस्थ होते, हिशेबाच्या खात्यातले. रांग संपल्यावर संध्याकाळी तिथली सुईण त्यांच्याकडे आली. पन्नाशी उलटलेली. त्या केंद्रातली निम्मी बाळंतपणं तिच्या हातची. तिने खिशातून एक सिरिंज काढली आणि विचारलं, यावरच्या रेघा दिसतील असा चष्मा आहे का? दोन वर्षं ती औषध अंदाजाने भरत होती, नाहीतर कुणा तरुण मुलीला हाक मारून वाचून घेत होती. रात्री मात्र केंद्रात ती एकटीच असे. गृहस्थांनी अधिक दीडचा लावून पाहिला, मग अधिक दोनचा. तिने सिरिंज खिडकीकडे धरली आणि एकेक रेघ बोटाने मोजत गेली. ०.१, ०.२, ०.३. पूर्ण एकपर्यंत मोजली, मग परत उलटी मोजली. कुणी काही बोललं नाही. त्या खेपेला आम्ही पाचशेच्या वर रोगी तपासले, आणि सगळ्यांत टिकणारं काम कोणतं झालं असं मला विचाराल तर मी त्या चष्म्याचं नाव घेईन.

आणखी एक. अशा टीममध्ये पैशांचा हिशेब फार ढिसाळ असतो. दुभाष्यांना, गाडीवाल्याला, स्वयंपाकाच्या बाईला ठरलेला मेहनताना वेळेवर मिळाला का, हे बघायला बँकेतला माणूस हवाच. जा.

प्रश्न : मी डॉक्टर आहे, विश्वासणारी आहे. आम्हाला आलेल्या वेळापत्रकात लिहिलंय, की रोग्यांना आधी तासभर सुवार्ता ऐकवायची, मग प्रार्थना, मग नोंदणी, मग तपासणी. शिवाय 'किती जणांनी प्रभूला स्वीकारलं' असा तक्ताही भरायचा आहे. माझं मन मानत नाही. पण बोलले तर माझा विश्वास कच्चा आहे असं म्हणतील.

उत्तर : डॉक्टर, मी दररोज प्रार्थना करते. थिएटरमध्ये हात धुताना केलेली आहे, रोगी दगावल्यावर केलेली आहे. येशूचं नाव मला लपवायचं नाही, तुम्हालाही नसणार. पण तापाने फणफणलेलं मूल कडेवर घेऊन पहाटे चालत निघालेल्या बाईला तासभर बसवून ठेवणं मला सुवार्ता वाटत नाही. ती उठून जाऊ शकत नाही. औषध आपल्या हातात आहे, हे तिला ठाऊक असतं. अशा वेळी तिने हो म्हटलं, तर ते कशाला म्हटलं, हे आपल्याला कसं कळणार? आणि तो तक्ता भरणार कोणत्या हाताने? उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नको, असंच मत्तयाच्या शुभवर्तमानात सांगितलंय.

लूकच्या सतराव्या अध्यायात प्रभूने दहा कुष्ठरोगी बरे केले. परत येऊन पाया पडला तो एकच, आणि तोही शोमरोनी, म्हणजे परका. बाकीचे नऊ कुठे आहेत असं प्रभूने विचारलं जरूर, त्याला वाईटही वाटलं असेल. पण त्या नऊ जणांचं कातडं पुन्हा बिघडलं नाही. बरं करणं आधी झालं होतं, बिनअटीचं.

तुमच्या प्रमुखांना हा विचार बाहेरचा वाटला, तर त्यांना सांगा : आपत्तीतल्या मदतीसाठी रेडक्रॉस आणि स्वयंसेवी संस्थांची १९९४ सालची आचारसंहिता आहे. कुठल्याही धार्मिक किंवा राजकीय भूमिकेच्या प्रसारासाठी मदत वापरायची नाही, असं तिच्या तिसऱ्या कलमात म्हटलंय. त्या संहितेच्या पाठीशी कॅरिटास, लुथेरन वर्ल्ड फेडरेशन, वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस उभ्या होत्या. म्हणजे आपलीच माणसं. स्वतःचा विश्वास सोडा असं त्यात कुठेही नाही. गरज पाहून द्या, एवढंच आहे.

आमच्या टीममध्ये आम्ही हे असं बसवलं. सकाळी सहाला आमची उपासना, आमच्यापुरती. नोंदणी उघडली की गंभीर रोगी आधी, धर्म कुणी विचारायचा नाही. तपासणी झाली, औषध हातात पडलं, म्हणजे रोग्याचं आपल्याकडचं काम संपलं, की मग कुणाला इच्छा असेल तर बाजूच्या झाडाखाली तिथल्याच मंडळीचा पाळक बसलेला असे. जायचं तर जा, नाहीतर घरी जा. मला स्वतःला एखाद्यासाठी प्रार्थना करावीशी वाटली तर दुभाष्याकडून विचारायचे, आणि उत्तरादाखल नुसती मान खाली गेली तरी ते 'नको' असं धरायचे. तुम्ही बोला, डॉक्टर. रोगी तपासताना त्याच्या तोंडाकडे बघून मत बनवणाऱ्या तुम्ही, तुमच्या मनाला जे दिसलंय ते खरं आहे. आणि तेवढ्यातच फोटोंचंही बोलून घ्या. उघड्या अंगाच्या, रडणाऱ्या मुलांचे फोटो काढून मंडळीच्या पडद्यावर दाखवायचे नाहीत. ते मूल आपलं असतं तर आपण दाखवलं नसतं.

प्रश्न : माझा मुलगा पहिल्यांदाच जातोय. लशी, मलेरिया, सगळ्याची धास्ती वाटते. थोडक्यात सांगाल?

उत्तर : निघायच्या निदान दोन महिने आधी प्रवासी-आरोग्याच्या डॉक्टरकडे न्या. हिपॅटायटिस बीचे तीन डोस नेहमीच्या वेळापत्रकाने सहा महिन्यांत पुरे होतात, म्हणून ते त्याहूनही आधी सुरू केलेले बरे. पिवळ्या तापाची लस काही देशांत सक्तीची आहे. तिचा दाखला दहा दिवसांनी लागू होतो, आणि जुलै २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो. मलेरियाच्या गोळ्या परतल्यावरही घ्यायच्या असतात, आणि मुलं नेमक्या तिथेच थांबतात. डॉक्सिसायक्लिन किंवा मेफ्लोक्विन असेल तर चार आठवडे, अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर सात दिवस. मच्छरदाणीत झोपायचं. मलावी सरोवरासारख्या गोड्या पाण्यात पोहायचं नाही, त्यात शिस्टोसोमा नावाचा जंत असतो आणि तो कातडीतून शिरतो. कुत्रा चावला तर पंधरा मिनिटं साबणपाण्याने धुऊन त्याच दिवशी लशीसाठी निघायचं. वापरलेली सुई टोचली तर धुवायचं आणि लगेच सांगायचं. एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात, आणि ती टीमजवळ आहेत का हे निघण्याआधीच विचारून ठेवा.

आणि ताई, तो घरी आल्यावर काही महिन्यांत ताप आला, तर डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा की हा अमुक देशातून आलाय. फ्लू समजून घालवलेले दोन दिवस मलेरियात फार महागात पडतात.

प्रश्न : कुणाला दुखवायचं नाही, पण विचारते. बारा माणसांच्या विमानतिकिटांत तिथल्या एखाद्या नर्सचा कितीतरी महिन्यांचा पगार निघेल. मग जायचंच कशाला? पैसे पाठवावेत ना?

उत्तर : बऱ्याचदा हेच बरोबर असतं. नऊ खेपांनंतर मी हे म्हणते आहे, आणि शेवटच्या दोन वर्षी मी गेले नाही, तिकिटाचे पैसे पाठवले. ज्या टीमचं काम ताप-खोकल्याच्या गोळ्या वाटण्यापुरतं आहे, तिने घरीच राहून त्या केंद्राला एक माणूस नेमून द्यावा.

पण दोन कामं अशी आहेत की त्यासाठी माणसाने जावं. पहिलं, तिथे नसलेलं कसब. दुभंगलेला ओठ, पिकलेला मोतीबिंदू, मोठी गाठ. त्यातही पाठीशी थांबणारी संस्था हवी. मर्सी शिप्स ही १९७८ साली सुरू झालेली ख्रिस्ती संस्था रुग्णालय-जहाजं चालवते. स्वयंसेवक स्वखर्चाने येतात, काही जण थोड्याच आठवड्यांसाठी. पण जहाज एकेका बंदरात साधारण दहा महिने थांबतं. माणसं बदलली तरी टाके काढायला, जखम बघायला कुणीतरी असतं. चार दिवस शस्त्रक्रिया करून पाचव्या दिवशी विमानात बसणाऱ्या टीमला मात्र मी एकच विचारते, टाके कोण काढणार, आणि रात्री दोनला रक्तस्राव सुरू झाला तर कोण उठणार? नाव सांगा. नाव सांगता येत नसेल तर चाकू उचलू नका.

दुसरं, शिकवणं, आणि तेही मागितलेलं असेल तर. २०१० साली 'हेल्पिंग बेबीज ब्रीद' हा अभ्यासक्रम निघाला. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला एका मिनिटाच्या आत श्वास द्यायचा. कोरडं करा, पाठ चोळा, तरी श्वास नाही तर मास्क लावून पिशवीने हवा द्या. त्या पहिल्या मिनिटाला ते 'सोनेरी मिनिट' म्हणतात. सरावाची बाहुली पाणी भरून वापरायची असते, म्हणजे हातात खऱ्या बाळाएवढी जड लागते. चौथ्या खेपेला आम्ही आठ दिवस एवढंच केलं. रोगी एकही तपासला नाही. आमच्यातल्या दोघांना फार चुकल्यासारखं वाटलं, परत जाऊन मंडळीला काय सांगायचं म्हणून. निघताना दोन बाहुल्या, चार पिशव्या-मास्क आणि उकळायचं भांडं तिथेच ठेवलं. पुढच्या वर्षी गेले तेव्हा प्रसूतिगृहाच्या व्हरांड्यात ती चष्म्याची सुईण बाहुली मांडीवर घेऊन बसली होती, आजूबाजूच्या केंद्रांतून आलेल्या सहा मुली समोर, आणि ती त्यांना चिचेवात रागवत होती. मास्क नाकावर नीट बसला नव्हता म्हणून. माझ्याकडे बघायलाही तिला वेळ नव्हता. मी व्हरांड्याच्या कडेला बसून पाहत राहिले.

तेव्हा पैसे की प्रवास, हे तुम्ही त्या केंद्रालाच विचारा. पत्र लिहा, आणि उत्तर 'येऊ नका, अमुक एक पाठवा' असं आलं तर ते आदराने ऐका.

प्रश्न : सिस्टर, बॅगेत काय काय घ्यावं? यादी आम्हाला मिळाली आहे. तुम्ही फक्त एक वस्तू सांगा, जी यादीत नसेल.

उत्तर : बॉलपेनं. डझनभर घ्या.

मलावीत प्रत्येक रोग्याजवळ स्वतःची छोटी वही असते, तिला हेल्थ पासपोर्ट म्हणतात. सगळा इतिहास त्यात, आणि ती रोग्याच्याच घरी राहते. तिथल्या क्लिनिकल ऑफिसरने मला एकदा अशा वह्या दाखवल्या. आधी येऊन गेलेल्या कुठल्यातरी टीमची पानं होती. एकावर फक्त 'गोळ्या दिल्या' आणि एक लांबलचक सही. तो म्हणाला, "सिस्टर, या माणसाला फिट येतात. काय दिलं, किती दिलं, मी आता पुढे काय देऊ?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

म्हणून लिहा. औषधाचं मूळ नाव, कंपनीचं नको. किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, किती दिवस. तुम्हाला काय सापडलं आणि कशाचा संशय वाटतो. पुन्हा कधी यायचं आणि कुणाकडे. तारीख. सहीऐवजी तुमचं नाव, सुट्ट्या अक्षरांत. जेलचं पेन नेऊ नका, त्याची शाई ओल लागली की पसरू शकते, आणि ती वही पावसातून चालत घरी जाते.